ॲनेक्सिन व्ही मागवलं होतं, लेबलवर 'अँटिकोॲग्युलंट' लिहून आलंय. चुकीचं पार्सल आलं का?

गोदाकाठची | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, मोठा घोळ झालाय असं वाटतंय आणि सोमवारी गाईड मॅडमसमोर उभं राहायच्या आधी इथे विचारून घेते, म्हणजे किती बोलणी खायचीत त्याचा अंदाज तरी येईल.

मी नाशिकला एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट द्राक्षाच्या बियांच्या अर्कावर. दिंडोरीकडच्या एका वायनरीतून चोथा आणला, बिया निवडल्या, वाळवल्या, दळल्या, इथेनॉलमध्ये अर्क काढला (होस्टेलच्या गच्चीवर बिया वाळत घातल्या होत्या तेव्हा अख्ख्या मजल्याला आंबूस वास आणि सगळ्यांच्या शिव्या, ते वेगळंच). हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) पुण्याच्या एनसीसीएस या सेल सायन्सच्या संस्थेतून आणलेल्या आहेत. एमटीटी (जिवंत सेल्स पिवळ्या डायचा जांभळा करतात, ती टेस्ट) झालं, सेल्स मरतायत हे दिसलं, आता मॅडम म्हणाल्या की नुसत्या मरतात म्हणून चालणार नाही, अपॉप्टोसिसने (म्हणजे सेलने स्वतःच ठरवून, शिस्तीत मरणं) मरतात का ते दाखव, त्यासाठी अशा सेल्सना चिकटणारं प्रोटीन, ॲनेक्सिन व्ही, मागव. मी मुंबईच्या एका डीलरकडून कोटेशन घेतलं, त्यातलं सगळ्यात स्वस्त होतं ते निवडलं, पीओ (खरेदीची ऑर्डर) गेली, काल पार्सल आलं.

आता लेबलवर काय आहे ते वाचा. 'रिकॉम्बिनंट ह्यूमन ॲनेक्सिन ए५, १०० मायक्रोग्रॅम, लायोफिलाइज्ड, फक्त संशोधनासाठी'. आणि सोबतच्या डेटाशीटवर दुसरी नावं म्हणून व्हॅस्क्युलर अँटिकोॲग्युलंट अल्फा, प्लॅसेंटल अँटिकोॲग्युलंट प्रोटीन, थ्रोम्बोप्लास्टिन इन्हिबिटर, लिपोकॉर्टिन व्ही, एंडोनेक्सिन, अँकोरिन आणि अजून दोनचार. मला रक्त पातळ करायचं नाहीये हो, सेल्स रंगवायच्यात!!

वर गाडी कसाऱ्याला अडकली म्हणून पार्सल दीड दिवस उशिरा आलं, आतले आइसपॅक पाणी पाणी झालेले. व्हायल उघडली नाही पण उजेडात धरून बघितली तर आत काहीच दिसत नाही, रिकामीच पाठवली की काय. आणि मी हुशारी करून बफर आधीच बनवून ठेवावं म्हणून पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर) कॅल्शियम क्लोराइडचा स्टॉक टाकला तर ते ताकासारखं ढगाळ झालं. म्हणजे आठवडाच वाईट चाललाय.

फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या सेल्स एकेक करून मोजणारं मशीन) नाशिकला आम्हाला कुठे मिळत नाहीये, पुण्याला एका ठिकाणी वेळ मिळालीय. इथे रंगवून पहाटेच्या बसने सॅम्पल घेऊन गेले तर चालेल ना?

---

सातपूरचा_सेलकल्चरवाला | शनिवार, रात्री ११:५८

ताई, आधी पाणी पी. प्रोटीन बरोबर आलंय. चूक आहे पण ती तुला वाटतेय ती नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

ॲनेक्सिन व्ही, ॲनेक्सिन ए५, व्हॅस्क्युलर अँटिकोॲग्युलंट, लिपोकॉर्टिन, हे सगळं एकच. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं आणि आजीने हाक मारायचं तिसरंच, बाई तीच. ज्या लॅबला जिथे सापडलं तिने तिथलं नाव ठेवलं. अँटिकोॲग्युलंट हे त्याचं माहेरचं नाव समज. १९८५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या लोकांनी बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिन्यांमधून ते वेगळं काढलं, ते शोधतच होते रक्त गोठू न देणारा पदार्थ. अपॉप्टोसिस बघायला त्याचा वापर नंतर आला, फ्लोवर वापरल्याचा गाजलेला पेपर १९९४ चा.

आता रक्त न गोठवणारं प्रोटीन मरणारी सेल कशी ओळखतं? दोन्ही कामं एकाच गुणामुळे होतात. सेलच्या पडद्याला दोन थर असतात, आतला आणि बाहेरचा. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं एक लिपिड आहे, ते धडधाकट सेलमध्ये नेहमी आतल्या थरात असतं, म्हणजे माजघरात. चुकून ओसरीवर आलंच तर फ्लिपेज नावाची एन्झाइम्स त्याला हाताला धरून परत आत नेतात, त्यासाठी एटीपी खर्च करतात. सेल अपॉप्टोसिसला लागली की कॅस्पेजेस या फ्लिपेजला तोडतात आणि स्क्रॅम्ब्लेजला चालू करतात, मग माजघरातलं सामान ओसरीवर येतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, म्हणजे मॅक्रोफेजना, कळतं की या घरात काहीतरी झालंय.

रक्तात प्लेटलेट्स चेतवल्या गेल्या की त्यांच्याही बाहेरच्या थरावर हेच लिपिड येतं. तिथे ते मरणाची खूण नसतं, तिथे तो ओटा असतो ज्याच्यावर क्लॉटिंग फॅक्टर बसून काम करतात. दहावा आणि पाचवा फॅक्टर कॅल्शियमच्या मदतीने त्या ओट्यावर बसतात आणि प्रोथ्रोम्बिनचं थ्रोम्बिन करतात. ओटा नसेल तर तेच काम फार म्हणजे फारच हळू होतं. ॲनेक्सिन काय करतं, तर ते कोणत्याही फॅक्टरला हात लावत नाही, नुसतं जाऊन त्या लिपिडवर पसरतं, तीन-तीनच्या जुडग्यांनी एकमेकांना चिकटून सपाट जाळी विणतं. आपल्याकडे गारपिटीच्या भीतीने बागेवर जाळी टाकतात तसंच. खालचा ओटा झाकला गेला की फॅक्टरना बसायला जागा नाही, गोठणं मंदावलं. झालं अँटिकोॲग्युलंट.

तू त्याच जाळीला हिरवा दिवा लावतेस आणि कुठल्या सेलवर ती पसरली ते बघतेस, एवढंच.

आणि इथेच तुझी चूक. हिरवा दिवा कुठाय? लेबल तू टाइप केलंस त्यात एफआयटीसी (हिरवा चमकणारा डाय) किंवा दुसऱ्या कुठल्या डायचं नाव दिसलं नाही. तू साधं, बिनरंगाचं प्रोटीन मागवलंयस. म्हणून तर स्वस्त होतं.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री १२:१०

नाहीये. डेटाशीट पुढून मागून तीनदा वाचलं. एफआयटीसी कुठेच नाही. संपलं सगळं.

---

सातपूरचा_सेलकल्चरवाला | रविवार, रात्री १२:३१

काही संपलं नाही, फेकू नकोस. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं घे आधी.

व्हायल रिकामी नाहीये. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एक ग्रॅमचा दहा हजारावा भाग, तो काचेला पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो किंवा झाकणाला लागलेला असतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून उघडायच्या आधी व्हायल रूम टेंपरेचरला येऊ दे, नाहीतर थंड काचेवर हवेतली ओल बसते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरव आणि मग उघड. विरघळवताना व्होर्टेक्सवर घुसळायचं नाही, हळूच पिपेटने वरखाली. एकदा विरघळलं की छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवायचं, तीच ट्यूब चार वेळा गोठवून वितळवून वापरायची नाही. आइसपॅक वितळले त्याचं फार मनावर घेऊ नको, कोरडी लायोफिलाइज्ड पावडर दीड दिवस सहसा सहन करते, कितीतरी कंपन्या ती साध्या टेंपरेचरलाच पाठवतात. पण डेटाशीटवर काय लिहिलंय ते बघ, शेवटचा शब्द त्याचा.

पीबीएसचं ताक झालं ते कॅल्शियम फॉस्फेट. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम टाकलं की खाली बसणारच, त्यात वरून घट्ट स्टॉक ओतलास. ॲनेक्सिनला कॅल्शियम लागतंच, त्याशिवाय ते चिकटतच नाही, म्हणून बाइंडिंग बफर हेपेसमध्ये करतात: १० मिलिमोलर हेपेस, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४. ढगाळ झालेलं ओतून दे, गाळून बिळून वापरू नकोस, कॅल्शियम किती उरलं ते कळणार नाही.

---

आप्पांचा_बंड्या | रविवार, सकाळी ८:०५

मी सिडकोला राहतो, सायन्सचा नाही, सर्च करता करता इथे आलो. आमच्या आप्पांचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, सारखं पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करायला जावं लागतं, कधी वाढतं कधी कमी होतं, मेथीची भाजी खाल्ली तरी डॉक्टर ओरडतात. हे जे माणसाचंच प्रोटीन आहे म्हणताय रिकॉम्बिनंट, ते इंजेक्शन म्हणून मिळतं का? म्हणजे गोळीची कटकट जाईल. कुठे मिळेल, कितीला मिळेल?

---

कॅनडाकॉर्नर | रविवार, सकाळी ९:४०

बंड्या भाऊ, नाही. मी डीएमएलटी, कॅनडा कॉर्नरजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं झाली, रोज पंधरावीस पीटी लावतो म्हणून सांगतो. त्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलंय ते नुसतं नावाला नसतं. ते जंतूंमध्ये वाढवलेलं असतं, माणसाच्या शिरेत घालण्यासाठी लागते ती शुद्धता, ते तपास, काही झालेलं नसतं. आप्पांची गोळी ज्या डॉक्टरने दिलीय त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकून बदलू नका, माझंही नाही. आणि मेथी बंद करायची नसते, रोज साधारण सारखीच खायची असते, एक दिवस शून्य आणि दुसऱ्या दिवशी अख्खी जुडी असं नको. त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं, म्हणून आकडा हलतो. एकदा डॉक्टरांना असंच विचारा.

माणसाची रिकॉम्बिनंट अँटिकोॲग्युलंट प्रोटीनं औषध म्हणून आलीच नाहीत असं मात्र नाही. अँटिथ्रोम्बिन चक्क बकऱ्यांच्या दुधात तयार केलं होतं, बकरीच्या जीन्समध्ये माणसाची जीन घालून, अमेरिकेत २००९ ला परवानगी मिळाली, पण तेही जन्मतः ते प्रोटीन कमी असलेल्या लोकांना ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी द्यायला. ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी सेप्सिससाठी २००१ ला आलं, लई गाजावाजा झाला, २०११ ला कंपनीनेच परत घेतलं कारण नवीन ट्रायलमध्ये पेशंट वाचण्यात फरकच दिसेना. म्हणजे माणसाचंच प्रोटीन आहे म्हणून चांगलंच असणार असं काही नसतं.

आता पोरीसाठी. तुला बाटलीतलं प्रोटीन जिवंत आहे का मेलंय हे बघायचं असेल तर माझ्या धंद्यातली टेस्ट आहे. त्याचं माहेरचं काम करून घे. निळ्या झाकणाची सायट्रेटची ट्यूब, त्यातला प्लाझ्मा, थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करून देणारं रिएजंट) आणि कॅल्शियम, आणि किती सेकंदात गोठतं ते बघायचं, एकदा ॲनेक्सिन टाकून एकदा न टाकता. फक्त एक गोम आहे. आमचं पीटीचं रिएजंट जसंच्या तसं वापरलंस तर काही फरक दिसणार नाही आणि तू म्हणशील प्रोटीन खराब. त्या रिएजंटमध्ये फॉस्फोलिपिड भरमसाठ असतं, तुझी चिमूटभर जाळी कुठे कुठे पुरणार. थ्रोम्बोप्लास्टिन चांगलं पातळ करायचं, म्हणजे साध्या प्लाझ्मालाच बराच वेळ लागेल इतकं, मग त्यात ॲनेक्सिनचा फरक सेकंदांत मोजता येतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब चुकूनही घेऊ नको, त्यात कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए असतं.

---

पुणेरी_फ्लो | रविवार, सकाळी ११:१५

मी पुण्यात फ्लो चालवते. नाशिकहून रंगवून आणू नको. प्लीज. दर दोन महिन्यांनी कुणीतरी धुळ्याहून नाहीतर नगरहून थर्मासमध्ये रंगवलेली सॅम्पल्स घेऊन येतं आणि मग माझ्याशी भांडतं.

ॲनेक्सिनची सॅम्पल्स रंगवल्यापासून तासाभरात वाचायची असतात. सेल्स जिवंत आहेत, त्या बाइंडिंग बफरमध्ये बसून राहिल्या की आपोआप मरायला लागतात, आणि पीआय (पडदा फाटलेल्या सेलच्या न्यूक्लियसला लाल करणारा डाय) हळूहळू आत शिरतं. तू निघताना जी सेल 'अर्ली' (नुकतीच मरायला लागलेली, नुसती हिरवी) होती ती संगमनेरला 'लेट' (हिरवी आणि लाल दोन्ही) होणार आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सगळंच नेक्रोसिस. त्यात ॲनेक्सिनचं बंधन पक्कं नसतं, कॅल्शियम गेलं की सुटतं, त्यामुळे फिक्स करून आणते म्हणशील तर तेही वाटतं तेवढं सोपं नाही. एकतर फ्लास्क घेऊन ये आणि डोस देण्यापासून सगळं इथे कर, नाहीतर फ्लोचा नाद सोड आणि मायक्रोस्कोपवर कर. कॉलेजमध्ये फ्लोरेसन्स मायक्रोस्कोप आहे का?

अजून एक, हेला सेल्स तळाला चिकटून वाढतात, त्या काढायला तू ट्रिप्सिन-ईडीटीए वापरणार. ते ईडीटीए कॅल्शियम गिळतं. नीट धुतलं नाहीस तर रंगच येणार नाही. आणि खरवडून काढल्यास तर पडदे फाटतील आणि सगळ्याच सेल्स पॉझिटिव्ह. मायक्रोस्कोपवर हा प्रश्नच येत नाही, कव्हरस्लिपवर (काचेचा पातळ तुकडा) वाढवायच्या आणि तिथेच रंगवायच्या. फ्लोवर केलंस तर मीडियात (सेल्स वाढवायचं पोषक द्रव) तरंगणाऱ्या सेल्स फेकू नकोस, तुला हव्यात त्या मेलेल्या त्याच आहेत. निम्म्या पोरी आधी मीडिया ओततात आणि मग विचारतात अपॉप्टोसिस का दिसत नाही.

---

बिनबियांचा | रविवार, दुपारी १:००

आम्ही पिंपळगावचे. नाशिकची द्राक्षं म्हणजे थॉमसन सीडलेस, तुम्हाला बिया सापडल्या कुठं ओ? का मनुक्यातून पोखरून काढल्या?

---

गोदाकाठची | रविवार, दुपारी १:४५

काका वाइनच्या द्राक्षात असतात बिया! शिराझच्या आहेत. एका पोत्यातून बिया निवडताना बोटं आठ दिवस जांभळी होती माझी.

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. मायक्रोस्कोप आहे, निळ्या प्रकाशाचा फिल्टरही आहे, झूलॉजीवाल्यांच्या ताब्यात आहे पण मिळेल. पण मग या बिनरंगाच्या बाटलीचं काय करू? मीच एफआयटीसी लावू का तिला? लायब्ररीत एक प्रोटोकॉल सापडलाय.

---

सातपूरचा_सेलकल्चरवाला | रविवार, दुपारी ३:२०

लावता येतं. पीएच नऊच्या आसपास कार्बोनेट बफरमध्ये, एफआयटीसी लायसिनला चिकटतं, मग छोट्या कॉलमवरून जादा डाय काढून टाकायचा. पण बाटलीत ट्रिस बफर असेल किंवा कॅरियर म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) टाकलेलं असेल तर डाय त्यालाच चिकटत बसणार. आधी ते बघ.

---

पुणेरी_फ्लो | रविवार, दुपारी ३:४१

दादा तुम्ही पोरीला कशाला भरीस घालताय. १०० मायक्रोग्रॅम आहे फक्त! कॉलमवर निम्मं चिकटून बसेल, जे उरेल त्यावर किती डाय लागला ते मोजायला अजून थोडं जाईल, आणि जास्त डाय लागला तर प्रोटीन लिपिडला नीट चिकटत नाही. मिलिग्रॅमभर असतं तर मीच म्हटलं असतं कर. डिसर्टेशनला दोन महिने उरलेत तिचे, तिने २५ टेस्टचा छोटा तयार किट मागवावा. त्यात एफआयटीसी लावलेलं ॲनेक्सिन आणि वेगळं पीआय, दोन्ही येतं.

---

सातपूरचा_सेलकल्चरवाला | रविवार, दुपारी ४:०५

बरं, मान्य. आमच्या काळी किट नव्हते म्हणून हात शिवशिवतात.

मग ही बाटली ब्लॉकिंग कंट्रोलला वापर. खरं तर मी मघाशी फेकू नको म्हणालो ते याचसाठी. रंगवायच्या आधी एका ट्यूबमध्ये बिनरंगाचं ॲनेक्सिन भरपूर टाकायचं, साधारण एक लाख सेल्सना ५ ते १५ मायक्रोग्रॅम, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग त्याच ट्यूबमध्ये एफआयटीसीवालं टाकायचं. फॉस्फॅटिडिलसेरीनच्या सगळ्या जागा आधीच भरल्या असतील तर रंगीत प्रोटीनला बसायला जागा नाही, हिरवा रंग जवळजवळ गेला पाहिजे. गेला तर तुझा हिरवा रंग खरा. नाही गेला तर तो हिरवा रंग ॲनेक्सिनचा नाहीच, दुसऱ्या कशाचा तरी आहे. दहा मायक्रोग्रॅमने धरलं तर तुझ्या बाटलीत दहा ट्यूब होतात, पुरे झाल्या.

दुसरा फुकटचा कंट्रोल: रंगवलेल्या सेल्सवर ५ मिलिमोलर ईडीटीए टाक. कॅल्शियम गेलं की ॲनेक्सिन सुटतं, रंग जातो.

आणि हे मी एवढं का सांगतोय तर तुझा अर्क. बियांमध्ये टॅनिनसारखी पॉलिफिनॉल्स ठासून भरलेली असतात. ती स्वतःच चमकतात बऱ्याचदा. वर ती डीएमईएमसारख्या मीडियात हवेशी रिॲक्ट होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणजे सेल्स अर्काने मेल्या का पेरॉक्साइडने, हाही प्रश्न आहे. ते तपासायला एका प्लेटमध्ये अर्कासोबत कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) टाकून बघ. आणि एमटीटीचा डाय तर पॉलिफिनॉल्स सेल नसतानाही थेट जांभळा करतात. सेल्सशिवाय नुसता अर्क आणि एमटीटी असं एक वेल (प्लेटमधली खळगी) लावलं होतंस का?

---

गोदाकाठची | रविवार, सायंकाळी ६:३०

नव्हतं लावलं.

उद्या लावते. मॅडमना सगळं सांगितलं फोनवर, ओरडल्या नाहीत, उलट म्हणाल्या ब्लॉकिंगचं कोणी सुचवलं. बंड्या दादा, आप्पांना बरं वाटू दे.

---

गोदाकाठची | तेवीस दिवसांनी, मंगळवार, रात्री १०:१५

धागा वर काढते, रिझल्ट आला म्हणून.

किट आला, या वेळी मी स्वतः डीलरला तीनदा फोन करून 'एफआयटीसी लावलेलं' हे शब्द वदवून घेतले. कव्हरस्लिपवर सेल्स, अर्काचे तीन डोस, चोवीस तास, शिवाय काहीच न टाकलेल्या आणि पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी कॅम्प्टोथेसिन (हमखास अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) टाकलेल्या. प्रत्येकाला चार स्लिपा: न रंगवलेली, रंगवलेली, आधी बिनरंगाचं ॲनेक्सिन देऊन मग रंगवलेली, आणि रंगवून ईडीटीए दिलेली. झूलॉजीच्या अंधाऱ्या खोलीत रात्री नऊपर्यंत बसले होते, शिपाईमामा दोनदा येऊन गेले बघायला की पोरगी जिवंत आहे का.

कॅम्प्टोथेसिनवाल्या अगदी पुस्तकातल्यासारख्या दिसल्या, सेलच्या कडेने हिरवं वर्तुळ आणि काहींचं आतलं न्यूक्लियस लाल. ब्लॉकिंग केलेल्यात वर्तुळ गायब, ईडीटीएवाल्यातही गायब. म्हणजे कसाऱ्याला उकडून निघालेली बाटली चांगली आहे, काका तुमची प्लाझ्माची टेस्ट करावी लागली नाही (कॉलेजात माणसाचं रक्त वापरायचं म्हणजे एथिक्स कमिटीचा फॉर्म, तो भरता भरता पास होऊन गेले असते).

मग माझा अर्क. सगळ्यात मोठ्या डोसला सगळ्यात जास्त हिरवं, मी खूश, लगेच फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. मग त्याच डोसची ब्लॉकिंगवाली स्लिप लावली तर तीही हिरवी. ईडीटीएवालीही हिरवी. न रंगवलेलीसुद्धा हिरवी!! आणि नीट बघितलं तर वर्तुळ नव्हतंच, सेलभर पसरट चमक होती, वर कचऱ्यासारखे ठिपके. ते सगळं माझ्या बियांचं होतं, ॲनेक्सिनचा काही संबंध नाही. मधल्या आणि सगळ्यात लहान डोसला मात्र न रंगवलेली स्लिप काळी, रंगवलेलीत वर्तुळं दिसतात, ब्लॉकिंगमध्ये जातात. मधल्या डोसला प्रत्येक स्लिपवर दोनशे सेल्स मोजल्या, कंट्रोलपेक्षा स्पष्ट जास्त आहेत, पण मोठ्या डोसच्या फोटोवरून मला वाटलं होतं तेवढ्या नाहीत.

एमटीटीचं पण तसंच निघालं. सेल्स नसलेल्या वेलमध्ये मोठ्या डोसला जांभळा रंग आला. म्हणजे तिथे उलटीच गंमत, खऱ्यात जास्त सेल्स मेल्या असणार आणि मला कमी दिसत होत्या. ते आकडे परत करतेय. मोठा डोस पूर्ण काढून टाकायचा असं मॅडमचं आणि माझं ठरलं. कॅटलेजची प्लेट शुक्रवारी लावणार.

---

पुणेरी_फ्लो | मंगळवार, रात्री १०:४०

बघ, फ्लोवर आणली असतीस तर मोठ्या डोसला सगळा पॉप्युलेशन उजवीकडे (जास्त हिरव्याकडे) सरकलेला दिसला असता आणि तू ९० टक्के अपॉप्टोसिस लिहून मोकळी झाली असतीस. तिथे वर्तुळ आहे का पसरट आहे ते दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. न रंगवलेली प्रत्येक डोसची लावलीस ते फार चांगलं केलंस, लोक फक्त कंट्रोलची न रंगवलेली आणतात.

---

कॅनडाकॉर्नर | बुधवार, सकाळी ७:५०

छान केलंस पोरी. आता सांग, बिनरंगाचं किती उरलं? आमच्या लॅबमध्ये संध्याकाळी डीएमएलटीची पोरं शिकायला येतात, त्यांना पातळ थ्रोम्बोप्लास्टिनवर दाखवीन म्हणतो की फॅक्टरला हात न लावता नुसता ओटा झाकला तर पीटी कसा लांबतो. प्लाझ्मा म्हणून आम्ही विकतचा कंट्रोल प्लाझ्मा वापरतो, त्याला तुझा फॉर्म लागत नाही.

---

गोदाकाठची | बुधवार, सकाळी ९:१०

तीन ट्यूब आहेत काका, प्रत्येकी दहा मायक्रोग्रॅम, उणे वीसला ठेवल्यात, एकदाच गोठवलेल्या. मॅडमना विचारलं, हो म्हणाल्या, फक्त रजिस्टरवर सही करून न्या. गंगापूर रोडवरून तुमच्याकडे दहा मिनिटं, पण बर्फ तुमचा आणा, आमच्या आइस मशीनचं कालपासून पाणीच होतंय.

---

बिनबियांचा | बुधवार, सकाळी ९:३०

आणि बिया उरल्या असतील तर त्याही द्या कुणाला तरी. होस्टेलच्या पोरींना गच्ची मोकळी होईल.